थांबण्याची श्रीमंती

१९५२ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. तेव्हाच्या कलकत्त्यातील एका जाहिरात कंपनीत नोकरी करणारा एक उंचापुरा तरुण सुट्टीच्या दिवशी काही मित्र आणि दोन मुले घेऊन रेल्वेच्या रुळांलगतच्या एका माळावर गेला. माळावर काशगवताचे पांढरेशुभ्र तुरे डोलत होते. भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण सुरू झाले, पण दिवस मावळला तेव्हा काम अर्धेच झाले होते. उरलेले उरकायला मंडळी आठवड्याने परत गेली, तर माळ बोडका! मधल्या दिवसांत गुरांनी सारे तुरे फस्त केले होते. आता पुढच्या वर्षीचा हंगाम येईल तेव्हाच. त्या तरुणाचे नाव सत्यजित राय आणि चित्रपटाचे नाव 'पथेर पांचाली'.

पुढेही हा चित्रपट थांबतच राहिला. कधी पैसे संपले म्हणून, कधी कॅमेरा भाड्याने मिळाला नाही म्हणून. विम्याची पॉलिसी गेली, पत्नीचे दागिने गहाण पडले. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले आणि १९५५ साली चित्रपट पडद्यावर आला. मधल्या काळात अपूच्या भूमिकेतल्या मुलाचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी हयात राहिल्या, हे आपले भाग्यच, असे राय नंतर सांगत. थांबावे लागणे ही त्यांच्यावर कोसळलेली आपत्ती होती.

आता साठ-पासष्ट वर्षे पुढे येऊ. आसामातल्या छायगावजवळच्या आपल्या खेड्यात रीमा दास नावाची बाई एकटीच कॅमेरा घेऊन फिरते आहे. तिलाही थांबायचे आहे. भाताची रोपे वाढेपर्यंत, पूर येईपर्यंत, पुराचे पाणी ओसरेपर्यंत. गावातली मुले शाळेतून येईपर्यंत आणि त्यांची लाज मोडेपर्यंत. तिने तीनहून अधिक वर्षे जमेल तसे चित्रण केले. पण तिच्यावर कोणतीही आपत्ती कोसळली नाही. कॅमेरा तिचा स्वतःचा होता. भाड्याचे मीटर पडत नव्हते. त्या चित्रपटाला, 'व्हिलेज रॉकस्टार्स'ला, २०१८ साली सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

डिजिटल कॅमेरा स्वस्त झाला त्याने सिनेमात क्रांती झाली, असे आपण वारंवार वाचतो. क्रांती म्हणजे नेमके काय झाले? चित्र अधिक सुंदर झाले का? तसे म्हणवत नाही. 'पथेर पांचाली'इतके सुंदर चित्र आजही क्वचितच दिसते. सिनेमा करणे सोपे झाले का? तेही अर्धवटच खरे. या स्वस्ताईने दिलेली खरी देणगी वेगळीच आहे. पूर्वी ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला नाइलाजाने थांबावे लागे. आता त्यालाही आपल्या मर्जीने थांबता येते. ही श्रीमंती साधी नव्हे.

मिनिटाला नव्वद फूट

जुन्या सिनेमाचे गणित घरातल्या शाळकरी मुलालाही सोडवता येईल. फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची. एका सेकंदाला २४ चित्रचौकटी आणि एका फुटात १६ चौकटी. म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. दोन तासांचा चित्रपट १०,८०० फुटांचा. प्रत्येक दृश्य सरासरी पाचदा घेतले, तर ५४,००० फूट. ती धुवायची, तिची प्रत काढायची. आणि रंगीत कच्ची फिल्म तर आपल्याकडे परदेशातून यायची. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली की निर्मात्याला पैसे जळत असल्याचा वास यायचा, तो उगाच नव्हे.

अशा वेळी कोणाला चुकू द्यायचे? सराईत नटाला एखादी संधी. नवख्या पोराला, गावातल्या म्हातारीला, खरोखरच्या पावसाला संधी देणे परवडणारे नसे. पाऊस मग टँकरने पाडला जाई आणि म्हातारी रंगभूषेने तयार होई.

हे दुखणे आपल्या चित्रपटाइतकेच जुने आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसींवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. 'राजा हरिश्चंद्र' पुढच्या वर्षी, १९१३च्या मे महिन्यात, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे आपण सगळे जाणतो. पण त्याआधी भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्यावर रोखून दिवसेंदिवस थोडी थोडी फिल्म त्यावर खर्च केली. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाला, तोही पाहता पाहता. फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. थोडक्यात, आपल्या मातीतला हा आरंभीचा प्रयोगसुद्धा घरातल्या माणसांनी, स्वतःच्या मालकीच्या कॅमेऱ्याने आणि वाट पाहत केलेला होता. पुढे सिनेमाचा उद्योग झाला, स्टुडिओ उभे राहिले आणि वाट पाहणे परवडेनासे झाले.

मांडवातला कॅमेरा

बदलाची पहिली खूण दिसली १९९५ च्या सुमारास. त्या वर्षी डिजिटल व्हिडिओची छोटी कॅसेट आली. काड्यापेटीहून थोडी मोठी, तासाभराचे चित्रण मावणारी. अकरा मिनिटांच्या रिळापुढे हा एक तास म्हणजे केवढी चैन! हे कॅमेरे प्रामुख्याने हौशी लोकांसाठी होते. सहली, बारसी, लग्ने टिपण्यासाठी.

त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या लार्स फॉन ट्रियर आणि थॉमस व्हिंटरबर्ग या दोघा दिग्दर्शकांनी 'डॉग्मा ९५' नावाचा एक जाहीरनामा काढला. सेट उभारायचे नाहीत, कृत्रिम दिवे लावायचे नाहीत, कॅमेरा हातातच धरायचा, अशी कडक व्रते त्यात होती. त्या व्रतांनुसार व्हिंटरबर्गने केलेला पहिला चित्रपट 'फेस्टन', म्हणजे समारंभ. वडिलांच्या साठीसाठी सारे कुटुंब जमले आहे आणि भर पंगतीत थोरला मुलगा घरातले एक भयंकर गुपित फोडतो. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल याने तो सोनीच्या तळहाताएवढ्या घरगुती कॅमेऱ्यावर चित्रित केला. चित्र भरड आहे, अंधुक आहे. पण प्रेक्षकाला वाटते की आपणच त्या पंगतीत बसलो आहोत आणि मान कुठे वळवावी ते आपल्याला कळत नाही. १९९८ साली कान महोत्सवात या चित्रपटाने ज्युरी पारितोषिक मिळवले. हाच डॉड मँटल पुढे मुंबईत आला आणि गल्लीबोळांतून पोरांच्या मागे धावत, लहान डिजिटल कॅमेऱ्यांचा मुबलक वापर करून त्याने 'स्लमडॉग मिलियनेर' चित्रित केला. २००९ साली त्याला त्याबद्दल ऑस्कर मिळाले.

परदेशी उदाहरणेच कशाला? फाळक्यांच्याच नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे. यंत्रमागांचे गाव. रात्रंदिवस खडखडाट, शुक्रवारची सुट्टी, आणि त्या सुट्टीत सिनेमा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांना वाटले, लोकांना इतका सिनेमा आवडतो तर आपणच का करू नये? मग लग्नाच्या चित्रणाचा कॅमेरा, गावातलेच नट, मालेगावची बोली आणि 'शोले'ची खुशाल केलेली विनोदी नक्कल, असा 'मालेगाव के शोले' तयार झाला. रूळगाडी नव्हती, तर सायकल होती. क्रेन नव्हती, तर बैलगाडी होती. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्याच्या निर्मितीची कथा फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली आहे. अलीकडे, २०२५ साली, या मंडळींवर एक मोठा हिंदी चित्रपटही आला.

त्या माहितीपटातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख. अंगाने काडी, नोकरी यंत्रमागावर. त्याला हिरव्या कापडापुढे आडवा धरून 'उडवतात', तेव्हा हसून पुरेवाट होते. पण हसता हसता आपण गप्प होतो. कारण दिवसाची पाळी संपल्यावर, मालकाकडून रजा मागून, घरच्यांची बोलणी खाऊन ही माणसे ते करताहेत हे दिसत असते. सिनेमा झाला, गावाने तो डोक्यावर घेतला; शफीक मात्र काही वर्षांतच कर्करोगाने गेला. कॅमेरा थांबू शकतो, माणसे थांबत नाहीत. स्वस्त कॅमेऱ्याचे गुणगान करताना हे विसरता येत नाही.

भिंगाचा खेळ

तरीही मालेगावचा चित्रपट 'सिनेमासारखा' दिसत नव्हता, तो व्हिडिओसारखा दिसत होता. हा फरक कशाचा? घरातली जुनी लग्नाची कॅसेट आठवून पाहा. नवरा-नवरी, मागची झालर, त्यामागचा पंखा, कोपऱ्यात पेंगणारे काका, सगळे एकसारखे स्पष्ट. डोळ्याने कुठे पाहायचे ते कॅमेरा सांगत नाही. सिनेमात मात्र नायिकेचा चेहरा तेवढा लखलखीत आणि मागचा बाजार धुरकट, विरघळलेला.

याचे कारण भिंगात आणि त्यामागच्या चित्रपटलाच्या आकारात आहे. सिनेमाच्या फिल्मवरची चौकट साधारण २२ मिलिमीटर रुंद. घरगुती कॅमेऱ्यातले चित्र टिपणारे पटल करंगळीच्या नखापेक्षाही लहान. पटल लहान असले की तेवढाच देखावा मावण्यासाठी भिंग आखूड पल्ल्याचे लावावे लागते. आणि आखूड पल्ल्याच्या भिंगात जवळचे, लांबचे सारेच स्पष्ट येते. मग चेहरा गर्दीतून वेगळा काढायचा कसा?

गरजवंतांनी एक युक्ती काढली. कॅमेऱ्यापुढे एक नळकांडे जोडायचे, त्याच्या पुढच्या टोकाला साध्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याचे मोठे भिंग आणि मध्ये एक दुधी काच. भिंगाचे चित्र त्या काचेवर पडते आणि व्हिडिओ कॅमेरा त्या काचेचे चित्रण करतो. काचेचे कण दिसू नयेत म्हणून ती मोटर लावून फिरवायची किंवा थरथरवायची. चित्र उलटे दिसायचे, म्हणून काही जण दूरदर्शन संचासारखा छोटा पडदाच उलटा टांगत. उजेड भरमसाट लागे आणि सारा सरंजाम हातभर लांब होई. तरीही जगभरच्या हौशी मंडळींनी २००३-०४ पासून चार-पाच वर्षे हा खटाटोप हौसेने केला. एका धुरकट पार्श्वभूमीसाठी!

मग सप्टेंबर २००८ मध्ये कॅननने फाइव्ह-डी मार्क टू हा छायाचित्रणाचा कॅमेरा जाहीर केला. वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांना व्हिडिओची सोय हवी होती, म्हणून ती त्यात घातलेली. पण त्याचे पटल होते ३६ बाय २४ मिलिमीटरचे, सिनेमाच्या चौकटीहूनही मोठे. अमेरिकेत भिंगाविना त्याची किंमत २,६९९ डॉलर. सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे ही रक्कम म्हणजे किस पेड की मूली! दोन वर्षांच्या आत, मे २०१० मध्ये, अमेरिकेतल्या 'हाउस' या गाजलेल्या मालिकेचा एक संपूर्ण भाग या कॅमेऱ्यावर चित्रित होऊन प्रसारित झाला. आपल्याकडच्या लग्नांतही नवरीच्या मेंदीमागचा मांडव तेव्हापासून धुरकट होऊ लागला, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

धुरकटपणाची किंमत मात्र मोजावी लागते. पन्नास मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडून जवळून चेहरा घेतला, तर डोळा स्पष्ट येतो आणि कान पुसट. नटाने वीतभर मान पुढे केली की डोळाही गेला. मोठ्या चित्रपटात फक्त हे अंतर सांभाळायला एक स्वतंत्र माणूस असतो. तो फितीने अंतर मोजतो, जमिनीवर खुणा करतो आणि चित्रण सुरू असताना भिंगाचे कडे फिरवत राहतो. सिनेमासाठी बनवलेल्या भिंगाचे कडे म्हणूनच लांबवर फिरते, त्यावर फूट-इंचांच्या ठसठशीत खुणा असतात आणि एका संचातली सगळी भिंगे रंगाला सारखी असतात. असा संच घ्यायचा तर लाखांच्या गोष्टी. एकट्याने काम करणाऱ्याला ते कुठून परवडणार?

त्याच्या मदतीला आली ती आजोबांच्या कपाटातली भिंगे. २००८ नंतर आतला आरसा काढून टाकलेले कॅमेरे आले. त्यांत भिंग आणि पटल यांतले अंतर फार थोडे, काहींत अवघे १८ मिलिमीटर. जुन्या आटे पाडलेल्या भिंगांना साधारण साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर लागते. मधली जागा भरायला धातूचे एक पोकळ कडे पुरते. त्यात काच नाही, वीज नाही, काही नाही. त्यामुळे सोव्हिएत रशियात झेनिट कॅमेऱ्याबरोबर मिळणारे हेलिओस हे ५८ मिलिमीटरचे भिंग पुन्हा जन्माला आले. पार्श्वभूमीतली झाडाची पाने ते भोवऱ्यासारखी गरगरवते. भिंग बनवणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष, सिनेमावाल्याच्या दृष्टीने अलंकार. फक्त एक सांभाळायचे. कोकणाच्या दमट हवेत भिंगाला आतून बुरशी धरते. जुने भिंग घेताना ते उजेडासमोर धरून पाहावे आणि घरी कोरड्या डब्यात ठेवावे.

खास भिंगांचा हा सोस मोठ्यांनाही सुटलेला नाही. स्टॅन्ले कुब्रिकला 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटातले काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात घ्यायचे होते. त्याने 'नासा'च्या चांद्रमोहिमेसाठी झाइस कंपनीने घडवलेली अत्यंत प्रकाशग्राही भिंगे मिळवली आणि ती बसावीत म्हणून कॅमेरा कापून घेतला. आज दिव्याच्या उजेडात चित्र टिपणे कॉलेजातल्या मुलालाही शक्य आहे. पण मेणबत्ती कुठे ठेवायची, हा प्रश्न त्याला कुब्रिकइतकाच सोडवावा लागतो.

रुंद पडद्याचे स्वप्न

भिंगांमध्ये आणखी एक जात आहे, चित्र आडवे आवळणारी. फ्रान्सच्या आंरी क्रेत्यँ यांनी १९२० च्या दशकात ती सिनेमासाठी तयार केली. रुंद देखावा दोन्ही बाजूंनी दाबून साध्या फिल्मवर उतरवायचा आणि दाखवताना तसल्याच भिंगाने पुन्हा पसरायचा. १९५३ साली 'द रोब'ने ही पद्धत 'सिनेमास्कोप' या नावाने घरोघरी पोचवली. आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तने 'कागज के फूल'साठी ती वापरली आणि व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत उतरणारा तो प्रकाशझोत अजरामर केला. हे भिंग म्हणजे मोठ्या बॅनरचे वैभव, अशीच पुढे समजूत होती.

२०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात शॉन बेकर या दिग्दर्शकाचा 'टँजरीन' दाखवला गेला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर नाताळच्या आदल्या दिवशी भटकणाऱ्या दोन तृतीयपंथी मैत्रिणींची ही कथा. रंग भडक, पडदा ऐसपैस रुंद. चित्रपट संपल्यावर कळले, की तो फोनवर चित्रित झाला आहे! फोनच्या भिंगापुढे अंगठ्याएवढे, दोनशे डॉलरांच्या आतले एक जोडभिंग लावले होते. तेही चित्र आडवे आवळणारेच. बेकरने हे कौतुकासाठी केले नव्हते. हाती पैसे नव्हते. पण एक फायदा पदरात पडला. नायिका पहिल्यांदाच मोठ्या कामाला उभ्या राहिलेल्या. समोर अवजड कॅमेरा नाही, सगळ्यांच्या हातात असतो तसा फोन. त्या बुजल्या नाहीत, आणि रस्त्यानेही वळून पाहिले नाही.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पैसे मिळाल्यावर बेकर फोन सोडून फिल्मकडे वळला. त्याचा 'अनोरा' (२०२४) ३५ मिलिमीटरच्या खऱ्याखुऱ्या फिल्मवर, आडवे आवळणाऱ्या भिंगांनी चित्रित झाला आहे. कानचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि मार्च २०२५ मध्ये पाच ऑस्कर, त्यांतली चार एकट्या बेकरच्या हाती. म्हणजे फोन हे त्याचे ध्येय नव्हते, तो उंबरठा होता. उंबरठा ओलांडता आला नसता, तर आत काय आहे ते कोणालाच कळले नसते.

थर्मोकोलची गिटार

आता रीमा दासकडे परत जाऊ. ती मुंबईला आली होती अभिनेत्री व्हायला. ते जमले नाही. सिनेमाचे शिक्षण तिने कोठल्या संस्थेत घेतले नाही. चित्रपट पाहून, कॅमेरा हाताळून ती शिकली. आपल्या गावात पहिला चित्रपट करत असताना तिने काही मुलांना थर्मोकोलची खोटी वाद्ये घेऊन गाताना पाहिले. त्यातून दहा वर्षांची धुनू जन्मली. विधवा आईची मुलगी, मुलांबरोबर झाडांवर चढणारी, खरी गिटार घेण्यासाठी पै-पै जमवणारी. मग पूर येतो, पीक जाते.

कथा एवढीच. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती, सगळे रीमाचे. कॅमेरा कॅननच्या त्याच फाइव्ह-डी कुळातला. नात्यातल्या मल्लिका दासने ध्वनिमुद्रण सांभाळले. नट म्हणजे गावातली मुले. दिवे नाहीत, सूर्य आहे. संध्याकाळचा तो विशिष्ट उजेड दिवसातून थोडाच वेळ मिळतो. तो हुकला तर दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ढग आले तर तिसऱ्या. मुले खेळायला निघून गेली तर त्यांच्यामागे जायचे आणि खेळच टिपायचा.

चित्रपटात मुले चिखलात लोळतात, झाडावर लोंबकळतात, आईला बिलगतात, तेव्हा ती कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, इतकेच नव्हे. कॅमेरा आहे हे ती विसरली आहेत. हे कोणत्याही भिंगाने साधत नाही. ते चौथ्या महिन्यात, विसाव्या दिवशी साधते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संकलन रीमाचे, बालकलाकार धुनू झालेली भनिता दास आणि स्थळावरचे ध्वनिमुद्रण मल्लिकाचे, असे आणखी तीन सन्मान या घरगुती चमूला मिळाले. भारतातर्फे ऑस्करसाठीही हाच चित्रपट गेला. आणि रीमा थांबली नाही, की थांबलीच म्हणावे? तीच भनिता मोठी झाल्यावर तिला घेऊन तिने दुसरा भाग केला. तो २०२४ साली बुसान महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला पुरस्कारही मिळाला. रायना मुले मोठी होण्याची धास्ती होती. इथे मुलगी मोठी झाली तोच चित्रपटाचा विषय झाला.

जे स्वस्त झाले नाही

हे सगळे वाचून घरातला एखादा तरुण किंवा तरुणी कॅमेऱ्यासाठी हट्ट धरील. आईवडिलांनी काय करावे? नाही म्हणू नये, पण हिशेब नीट समजून घ्यावा.

पहिली गोष्ट, आवाज. भरड चित्र प्रेक्षक खपवून घेतो. ऐकू न येणारे संवाद खपवून घेत नाही. कॅमेऱ्यावरचा इवलासा माइक नटापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त घेतो. म्हणून दोन भिंगांचे पैसे असतील तर एक भिंग घ्यावे आणि उरलेल्यात बरा माइक.

दुसरी, संकलन. रीळ संपायचे तेव्हा दिग्दर्शकाला विचार करावाच लागे. आता काहीच संपत नाही. दोनशे तासांचे चित्रण जमते आणि त्यातले दीड तास निवडायला वर्ष जाते. कित्येक चित्रपट चित्रीकरणात नव्हे, संगणकाच्या पेटीत गुदमरतात. ते जपून ठेवायचे, तर एकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. फिल्मचा डबा पन्नास वर्षांनी उघडला तरी उजेडासमोर धरून काही दिसते. बिघडलेल्या डिस्कमध्ये काहीही दिसत नाही.

तिसरी, चित्रपटगृह. चित्रपट करणे स्वस्त झाले, दाखवणे नाही. शुक्रवारी पडदा मिळवण्याची लढाई जुनीच आहे, आणि जाहिरातीचा खर्च अनेकदा चित्रपटाच्या खर्चाहून मोठा.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महाग: माणसांचा वेळ. स्वतंत्र चित्रपटाच्या अंदाजपत्रकात जे आकडे दिसत नाहीत, ते कोणीतरी सोसलेले असतात. मैत्रीखातर फुकट राबलेला ध्वनिमुद्रक, रोज दहा माणसांचा चहा करणारी मावशी, दुकान बंद ठेवून उभा राहिलेला शेजारी. मालेगावच्या यंत्रमागावरचा कामगार आपली विश्रांती देत होता. 'शून्य खर्चात चित्रपट' असे कोणी अभिमानाने सांगू लागले, की तो शून्य कोणाच्या खात्यावर पडला, हे जरूर विचारावे. ज्याच्या घरी दोन वेळची चूल दुसरे कोणी पेटवते त्यालाच तीन वर्षे थांबता येते. ही श्रीमंती वाटली गेली आहे हे खरे; सारखी वाटली गेलेली नाही, हेही खरे.

म्हणून मुलांनी आरंभ लहान करावा. हातात असलेला फोन किंवा मित्राकडचा कॅमेरा, भिंग शक्यतो एकच, पन्नास किंवा पस्तीस मिलिमीटरचे, ज्याने चित्र जवळ ओढता येत नाही. जवळचे हवे असेल तर आपणच चार पावले पुढे जायचे, आणि त्यासाठी समोरच्या माणसाशी ओळख करावी लागते. विषय दूरचा शोधू नये. गल्लीतली पिठाची गिरणी, नदीकाठचा धोबीघाट, वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजी, यांतले काहीही चालेल. आधी परवानगी विचारायची आणि मग वर्षभर, दर आठवड्याला, त्याच ठिकाणी जायचे. पहिल्या महिन्यात गिरणीवाला कॅमेऱ्याकडे बघून हसेल. दुसऱ्या महिन्यात कंटाळेल. पावसाळ्यात कधीतरी वीज जाईल, पट्टा थांबेल आणि दळणाचा डबा घेऊन आलेल्या बाईशी तो मनातले काही बोलू लागेल. त्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली असावी आणि माइक चालू असावा, एवढे मात्र पाहावे.